‘त्रैक्य हा शब्दच बायबलमध्ये नाही’ म्हणणाऱ्या भावोजींशी वाद कसा घालावा?

वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात: घरी आम्ही सगळे मिळून बायबल वाचतो. थोरले दीर वर्षभरापासून म्हणू लागलेत की येशू हा मसीहा आहे, देवाचा पुत्र आहे, पण देव नाही. म्हणजे त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन, तरी देव एकच, ही शिकवण) त्यांना मान्य नाही. मागच्या वेळी सगळ्यांसमोर वाद झाला. मी पाणी-बर्फ-वाफेचं उदाहरण दिलं, १ योहान ५:७ वाचून दाखवलं, ‘मी आणि पिता एक आहोत’ हे वचन सांगितलं. भावोजींनी तिन्ही खोडून काढलं, वर योहान १७:३ (येशू पित्याला म्हणतो, ‘तू, जो एकच खरा देव’) पुढे केलं आणि म्हणाले, ‘त्रैक्य हा शब्दच बायबलमध्ये नाही, रोमी सम्राट कॉन्स्टंटाईनने ३२५ साली तो लादला.’ मी गप्प बसले. महिन्याभराने पुन्हा बसायचं ठरलंय. तयारी कशी करू?

नमस्कार ताई,

तुमचे तिन्ही मुद्दे पडणारच होते. त्यात भावोजींच्या हुशारीचा वाटा थोडा, मुद्द्यांच्या कच्चेपणाचा जास्त. तेव्हा आधी ते वहीतून खोडा.

पाणी, बर्फ आणि वाफ हे एकाच पाण्याचं तीन वेळचं रूप. तसं धरलं तर देव कधी पिता होतो, कधी पुत्र, कधी आत्मा. हीच शिकवण तिसऱ्या शतकात सबेल्लियसच्या नावावर जमा झाली आणि मंडळीने ती नाकारली. म्हणजे तुम्ही त्रैक्याच्या बाजूने बोलायला उभ्या राहिलात आणि त्रैक्य नाकारणारं उदाहरण दिलंत. मत्तय ३:१६-१७ मध्ये पुत्र पाण्यातून वर येतो, आत्मा कबुतरासारखा उतरतो, आकाशातून वाणी होते, आणि हे सगळं एकाच वेळी. ‘एकच बाई आई, बायको आणि मुलगी असते’ या उदाहरणातही तोच दोष आहे. अंड्याचं कवच, पांढरं आणि पिवळं घ्याल तर देवाचे तीन तुकडे होतात. उपमा द्यायचीच नाही हे उत्तम. त्याऐवजी एका कागदावर ही सात वाक्यं लिहा: पिता देव आहे, पुत्र देव आहे, पवित्र आत्मा देव आहे, पिता पुत्र नाही, पुत्र आत्मा नाही, आत्मा पिता नाही, देव एकच आहे. पहिल्या तिनांतलं एखादं सोडलं की एरियसच्या (पुत्र हा निर्माण केलेला, असं शिकवणाऱ्याच्या) वाटेला लागतो, मधल्या तिनांतलं सोडलं की सबेल्लियसच्या, आणि शेवटचं सोडलं की तीन देव. भावोजींना नेमकं कोणतं वाक्य मान्य नाही हे पहिल्या पाच मिनिटांत विचारून घ्या. पुष्कळदा दोन तास वाद होतो आणि समोरचा नक्की काय नाकारतोय हेच कुणाला ठाऊक नसतं.

‘तीन व्यक्ती, एक देव’ म्हणतानाही सांभाळा. आजच्या मराठीत व्यक्ती म्हणजे माणूस, आपापल्या डोक्याने चालणारा. आपण ज्यासाठी ‘व्यक्ती’ म्हणतो त्या चौथ्या शतकातल्या ग्रीक ‘हिपोस्तासिस’मध्ये तो अर्थ नव्हता. नुसतं ‘तीन व्यक्ती’ ऐकणाऱ्याच्या मनात तीन माणसं उभी राहतात, आणि मग तुमचा निम्मा वेळ ती माणसं हटवण्यात जातो.

१ योहान ५:७ मध्ये ‘स्वर्गात साक्ष देणारे तीन आहेत: पिता, शब्द आणि पवित्र आत्मा’ असा जो मजकूर काही छापील आवृत्त्यांत आढळतो, तो चौदाव्या शतकाआधीच्या कोणत्याही ग्रीक हस्तलिखिताच्या मूळ मजकुरात नाही. तो लॅटिन परंपरेतून आला. इरॅस्मस या विद्वानाने १५१६ आणि १५१९ च्या आपल्या ग्रीक आवृत्त्यांत तो घेतला नव्हता, १५२२ मध्ये घेतला, आणि तिथून तो १६११ च्या इंग्रजी किंग जेम्स बायबलपर्यंत पोचला. भावोजींना हे ठाऊक होतं, तुम्हाला नव्हतं. १ तीमथ्य ३:१६ च्या ‘देव देहात प्रकट झाला’ या पाठाचंही तसंच. जुन्या हस्तलिखितांत तिथे ‘जो’ असा शब्द आहे. ग्रीक मोठ्या अक्षरांत ‘जो’ म्हणजे ΟΣ, आणि देव या शब्दाचा संक्षेप म्हणजे ΘΣ, वर एक आडवी रेघ. पहिल्या गोल अक्षराच्या पोटात एक बारीक रेघ आणि डोक्यावर दुसरी, एवढाच फरक. अशा रेघेवर श्रद्धेचा खांब उभा करू नये.

‘मी आणि पिता एक आहोत’ (योहान १०:३०) हे तसं सोडून देण्यासारखं वचन नाही, पण एकटं पुरत नाही. ग्रीकमध्ये इथला ‘एक’ नपुंसकलिंगी ‘हेन’ आहे, पुल्लिंगी ‘हेइस’ नाही. मराठीत ‘एक’ला लिंगच नसल्याने आपल्याला ते दिसत नाही. तोच ‘हेन’ योहान १७:२२ मध्ये शिष्यांसाठी आणि १ करिंथ ३:८ मध्ये लावणारा आणि पाणी घालणारा या दोघांसाठी येतो. उत्पत्ती १:२६ मधलं ‘आपण मनुष्य करू’ हेही बाजूला ठेवा. आत्म्याला ग्रीकमध्ये ‘तो’ म्हटलंय म्हणून तो व्यक्ती, हा युक्तिवादही नको, कारण ‘पाराक्लेतॉस’ हा शब्द मुळातच पुल्लिंगी आहे, सर्वनाम त्याच्यामागे जाणारच. आत्म्याविषयी बोलायची वेळ आली तर प्रेषितांची कृत्ये ५:३-४ उघडा आणि पुढे चला.

आता ३२५. इथे दोन प्रश्न वेगळे करा, नाहीतर भावोजी एकाचं उत्तर दुसऱ्यावर खपवतील. एक प्रश्न: शास्त्र येशूला देव मानतं का? दुसरा: त्रैक्याची पूर्ण मांडणी शास्त्रात आहे का? दुसऱ्याला ‘मांडणी म्हणून नाही’ असं सरळ कबूल करा. त्रैक्यासाठीचा ग्रीक ‘त्रिआस’ हा शब्द अंत्युखियाच्या थियोफिलसने सुमारे १८० साली वापरला, लॅटिन ‘त्रिनितास’ त्यानंतर तेर्तुल्लियनने रुळवला. ‘एकेश्वरवाद’ हाही शब्द बायबलमध्ये नाही, आणि तो भावोजींना चालतो. शब्द नसणं आणि आशय नसणं या दोन गोष्टी आहेत.

३२५ साली निकियात भरलेल्या बिशपांच्या परिषदेत येशूला देव ठरवण्यासाठी हात वर झाले नव्हते. स्वतः एरियसही पुत्राला एका अर्थाने देव म्हणत होता. पण निर्माण केलेला, आणि ‘तो नव्हता अशी वेळ होती’ असा. वाद होता ‘होमोऊसिऑस’वर, म्हणजे पुत्र पित्याशी एकाच तत्त्वाचा की नाही यावर. हा शब्द शास्त्रातला नाही ही तक्रार त्या परिषदेतच झाली होती, भावोजींना ती नव्याने सुचलेली नाही. आणि कॉन्स्टंटाईनने तो लादला म्हणावं, तर निकियाच्या बाजूचा खंदा लढवय्या अथनासियस याला ३३५ साली त्यानेच हद्दपार केलं (निमित्त वेगळं होतं), ३३७ मध्ये मरणशय्येवर बाप्तिस्मा घेतला तो एरियसच्या पाठीराख्या बिशपाकडून, आणि त्याचा मुलगा कॉन्स्टँशियस तर उघडपणे निकियाच्या विरुद्ध होता. राजसत्तेचं वजन दोन्ही पारड्यांत पडत आलं. त्याच्याही कितीतरी आधी, सुमारे ११२ साली, प्लिनी नावाचा रोमी सुभेदार सम्राट त्रायानला कळवतो की हे ख्रिस्ती लोक पहाटे जमून ख्रिस्ताला ‘जणू देव’ मानून स्तोत्र गातात. यातून शिकवण खरी ठरत नाही, पण ती ३२५ ला जन्मली नाही एवढं नक्की ठरतं.

भावोजींच्या बाजूने खरी असलेली एक गोष्ट तुम्हीच आधी सांगून टाका: ३२५ च्या मतांगिकारात, म्हणजे श्रद्धेच्या अधिकृत घोषणेत, पवित्र आत्म्याविषयी जेमतेम एक ओळ आहे. तो भाग ३८१ ला कॉन्स्टँटिनोपलमध्ये भरला गेला. ख्रिस्ताचे दोन स्वभाव, दैवी आणि मानवी, यांची मांडणी ४५१ ला खाल्केदोनमध्ये झाली. जे समोरून येणारच आहे ते तुमच्या तोंडून आलेलं बरं.

वचनांकडे वळू. त्यातलं सगळ्यांत वजनदार वचन मराठी वाचकाच्या नजरेतून निसटतं, आणि दोष भाषांतराच्या एका सोयीचा आहे. जुन्या करारात देवाचं चार अक्षरी इब्री नाव येतं तिथे मराठी बायबल ‘परमेश्वर’ लिहितं. नव्या करारात ग्रीक ‘कीरिऑस’साठी ‘प्रभू’. पण नव्या कराराचे लेखक बहुतेक वेळा जुना करार ग्रीकमधून उद्धृत करतात, आणि तिथे त्या नावाच्या जागीही ‘कीरिऑस’च वाचलं जाई. म्हणजे ग्रीक वाचकाला दोन्हीकडे एकच शब्द, मराठी वाचकाला दोन. योएल २:३२ उघडा: जो कोणी परमेश्वराचा धावा करील तो तरेल. आता रोमकरांस पत्र १०:१३: तेच वाक्य, पण ‘प्रभू’. चारच ओळी वर, १०:९ मध्ये, ‘येशू प्रभू आहे’ असं कबूल करायला सांगितलंय. योएलमधला परमेश्वर या पत्राचा लेखक पौल याने कुणावर बसवला ते पेन्सिलीने बाण काढून दाखवा. तसंच यशया ४०:३ आणि मार्क १:३. तसंच यशया ४५:२३, जिथे परमेश्वर शपथ घेतो की प्रत्येक गुडघा माझ्यापुढे टेकेल, आणि फिलिप्पै २:१०-११. आणि अनुवाद ६:४, ‘आपला देव परमेश्वर एकच’, त्यातले देव आणि प्रभू हे दोन शब्द १ करिंथ ८:६ मध्ये पौल वाटून देतो: एकच देव, म्हणजे पिता, एकच प्रभू, म्हणजे येशू ख्रिस्त. हीच वचनं मी पहिल्या फळीत ठेवीन, योहान १:१ नव्हे.

याला भावोजींकडे उत्तर आहे, आणि ते चांगलं आहे. पाठवलेला माणूस पाठवणाऱ्याचं नाव आणि मान घेऊन येतो. निर्गम २३:२१ मध्ये देवदूताविषयी ‘माझं नाव त्याच्या ठायी आहे’ म्हटलंय, निर्गम ७:१ मध्ये मोशेला फारोपुढे देवासारखं केलंय. शिवाय स्तोत्र ११०:१ मधला दुसरा ‘प्रभू’ इब्रीत ‘अदोनी’ आहे, आणि तो शब्द माणसांसाठी वापरला जातो. १ करिंथ ८:६ मध्येही ‘देव’ हा शब्द पित्यालाच लावलाय, हे ते दाखवतीलच. यावर तुमची चाल इब्री लोकांस पत्र १:१०-१२. तिथे स्तोत्र १०२:२५-२७ पुत्राला लावलंय: पृथ्वीचा पाया तू घातलास, आकाश तुझ्या हातचं काम. नाव उसनं मिळू शकतं, पण विश्वाची निर्मिती उसनी कशी मिळेल? यशया ४४:२४ मध्ये परमेश्वर म्हणतो, मी एकट्याने आकाश पसरलं. काहीजण इब्री १:१० येणाऱ्या जगाविषयी आहे म्हणतात आणि २:५ चा आधार घेतात. त्यांना विचारा की मग ‘ते नाहीसे होतील, वस्त्रासारखे जुने होतील’ हे येणाऱ्या जगाला कसं लागू पडतं.

योहान १:१ येणारच, म्हणून तेवढं ग्रीक पाठ करा: ‘काय थेऑस एन हो लोगॉस’, म्हणजे ‘आणि शब्द देव होता’ (इथे ‘शब्द’ म्हणजे येशू). शेवटच्या वाक्यखंडात ‘थेऑस’च्या (देव) आधी निश्चित उपपद (इंग्रजी ‘the’सारखं) नाही, म्हणून यहोवाचे साक्षीदार हा त्रैक्य न मानणारा पंथ इंग्रजीत ‘एक देव’ अशा अर्थाचं भाषांतर करतो. मराठीत उपपदंही नाहीत आणि मोठी-लहान अक्षरंही नाहीत, त्यामुळे ‘शब्द देव होता’ वाचणाऱ्याला भांडण कशावरून आहे तेच कळत नाही. दोन चुका टाळा. एक, त्यांची: उपपद नाही म्हणजे ‘एक देव’. याच अध्यायात ६, १२, १३ आणि १८ या वचनांत ‘थेऑस’ उपपदाविनाच आहे आणि अर्थ पिता. दुसरी, आपल्या लोकांची: १९३३ चा कोलवेलचा नियम (क्रियापदाआधी आलेलं निश्चित विधेय-नाम सहसा उपपदाविना असतं) सांगून ‘म्हणजे शब्द हाच तो देव’ असं ठासणं. तो नियम उलटा चालत नाही. शिवाय तसं धरलं तर ‘शब्द देवासह होता’ हे लगेच आधीचं वाक्य मोडतं आणि आपण पुन्हा सबेल्लियसच्या दारात. बऱ्याच अभ्यासकांना पटणारा अर्थ गुणवाचक आहे: देव जे आहे, ते शब्द होता. नमुना १ योहान ४:८ मध्ये आहे, ‘देव प्रीती आहे’. तिथेही उपपद नाही, आणि ‘देव एक प्रीती आहे’ असं कुणी वाचत नाही.

योहान २०:२८ मध्ये थोमा ‘माझा प्रभू, माझा देव’ म्हणतो. ‘तो आश्चर्योद्गार होता’ या उत्तराने घाबरू नका. मजकूर सांगतो की तो येशूला म्हणाला. पण त्याच अध्यायात १७ व्या वचनात येशू ‘माझा देव आणि तुमचा देव’ म्हणतो, ते तुम्हीच वाचून दाखवा. तीत २:१३ आणि २ पेत्र १:१ साठी ग्रॅनव्हिल शार्पचा १७९८ चा नियम आहे: एक उपपद, दोन एकवचनी व्यक्तिवाचक नामं, मध्ये ‘आणि’, तर दोन्ही एकाच व्यक्तीला लागतात. नियम घोकण्यापेक्षा २ पेत्र १:१ आणि १:११ शेजारी ठेवा. रचना तीच, फक्त ‘देव’च्या जागी ‘प्रभू’. ११ मध्ये दोन माणसं कुणी धरत नाही, मग १ मध्ये का धरावीत?

आता त्यांची तीन वचनं, ज्यांवर तुम्ही अडखळणार. कलस्सै १:१५ चा ‘ज्येष्ठ’ त्यातलं नाही, ते सोपं आहे: स्तोत्र ८९:२७ मध्ये दावीदाला ज्येष्ठ करीन म्हटलंय, आणि तो तर इशायाच्या आठ मुलांतला धाकटा. इथे ज्येष्ठपणा मानाचा.

योहान १७:३: ‘तू, जो एकच खरा देव’. वाक्य ‘फक्त तूच खरा देव आहेस’ असं नाही, हा फरक बारीक पण खरा आहे. यहूदा ४ मध्ये येशू ‘आपला एकच स्वामी व प्रभू’ आहे. त्यामुळे पिता प्रभू नाही असं होत नाही. १७:५ मध्ये जग होण्यापूर्वीच्या गौरवाचा उल्लेख आहे. तरीही माझा सल्ला, कबूल करा की १७:३ एकटं वाचलं तर भावोजींचा अर्थ जास्त सहज वाटतो. तुमचा दावा ते एकटं न वाचण्याचा आहे.

मार्क १३:३२: तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही. ठरलेलं उत्तर: मानवी स्वभावाने ठाऊक नाही. भावोजी म्हणतील की तिथे ‘पुत्र’ म्हटलंय आणि तेही देवदूतांच्या वरच्या पायरीवर. शिवाय ‘फक्त पिता’ म्हटल्यावर आत्म्याचं काय? इथे फटकन उत्तर द्यायला जाऊ नका. मत्तय २४:३६ च्या काही हस्तलिखितांत ‘पुत्रही नाही’ हे शब्द नाहीत. नकलून घेणाऱ्यांनाही ते टोचले असावेत, असं मला वाटतं. तुम्हाला टोचलं तर नवल नाही.

१ करिंथ १५:२८: शेवटी पुत्र स्वतः अंकित होईल. अंकित असणं हा हुद्द्याचा प्रश्न, तत्त्वाचा नव्हे, हे उत्तर द्या. योहान १४:२८ च्या ‘पिता माझ्याहून थोर’लाही तेच.

बैठकीची रचना आधी ठरवा, नाहीतर पुन्हा वचनांचा मारा होईल आणि ज्याला जास्त पाठ तो जिंकेल. वेळ दीड तास. वचनं फक्त दोन, एक तुमचं, एक त्यांचं, आठवडाभर आधी एकमेकांना कळवलेली. तुमचं रोम १०:१३ असू द्या, त्यांचं बहुधा १७:३ असेल. आधी पूर्ण अध्याय मोठ्याने वाचा. मग प्रत्येकाने दुसऱ्याचं म्हणणं असं मांडायचं की दुसरा ‘हो, हेच माझं म्हणणं’ म्हणेल. ते होईपर्यंत उत्तर द्यायचं नाही. चालू वचन संपेपर्यंत तिसरं काढायचं नाही. कुणी काढलंच तर कागदावर टिपून ठेवा आणि पुढच्या वेळी घ्या. ‘ग्रीकमध्ये असं आहे’ म्हणणाऱ्याने ओळीखाली ओळ भाषांतर असलेली प्रत समोर ठेवायची, हे दोघांनाही लागू. दोन मराठी भाषांतरांत फरक दिसला तर तळटीप आधी वाचा. घरातल्या धाकट्यांना पंच करू नका, ते भावोजींच्या मानामुळे गप्प बसतील आणि तुम्हाला वाटेल ते त्यांच्या बाजूचे आहेत.

महिना आहे. पहिला आठवडा फक्त भावोजींच्या बाजूचा घ्या: त्यांची तीन वचनं, त्यांच्या नजरेने, तुमची उत्तरं न लिहिता. दुसऱ्यात योएल, यशया आणि स्तोत्र १०२ नव्या कराराशेजारी ठेवून परमेश्वर-प्रभूचे बाण काढा. तिसऱ्यात योहान १ ते २० सलग, एकाच बैठकीत जमलं तर बरं. चौथ्यात नवीन काही वाचू नका. सात वाक्यांचा कागद आणि रोम १० एवढंच मोठ्याने म्हणून बघा, आणि भावोजींना एक निरोप पाठवा: कोणतं वचन घेताय?